बर्फाखालच्या मेंढ्या

त्या वर्षी स्टेनवर आज्जी चौऱ्याहत्तर वर्षांची होती. आमच्या उत्तर आइसलँडात सप्टेंबरात बर्फ पडला तरी एका दिवसात वितळतो. त्या वर्षी मात्र तीन दिवस वादळ थांबलंच नाही. मेंढ्या डोंगरावरून खाली आणायला अजून आठवडा होता. वादळ निवळल्यावर पाहिलं, तर कुंपणाचे खांबसुद्धा दिसेनात. आमच्या दोनशे दहा मेंढ्या त्या बर्फाखाली कुठंतरी होत्या.

आज्जी लांब काठी बर्फात खुपसत चालायची. टणक लागलं तर जमीन, किंचित मऊ लागलं तर मेंढी. मग बाबा, मी आणि मदतीला आलेले शेजारी फावड्यानं उकरायचो. पहिल्या दोन दिवसांत साठेक जिवंत निघाल्या. चौथ्या दिवशी चार निघाल्या, त्यातल्या तीन मेलेल्या. बाबांनी फावडं टाकलं आणि ते खालीच बसले.

"पुरे, आई. संपलं सगळं."

"तुझं संपलं असेल, ऑडगेर. सरक जरा. नेमका बसलायस तिथंच मला काठी घालायचीय."

सहाव्या दिवशी ओढ्याच्या घळीत एकदम एकोणीस सापडल्या. एकीवर एक, सगळ्या गुदमरलेल्या. त्यांत आज्जीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली करडी मेंढीही होती. तिच्या कानावरचा बर्फ झटकता झटकता आज्जी मोठ्यानं रडायला लागली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. काय करावं मला कळेना.

"घरी चल ना, आज्जी."

"येते. पण अंधार पडायला दोन तास आहेत, स्वाला. एवढा वेळ मी घरात करू तरी काय?"

तिनं नाक पुसलं आणि काठी उचलली.

पुढं शेजारी यायचे थांबले. बाबा दिवसभर स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसायचे. आम्ही दोघीच जायचो. कुत्री तिरी सोबत असायची. रोज मेलेल्याच निघत. आज्जीची दोन बोटं गारठून काळी पडली, तरी ती डॉक्टरकडे जायला तयार होईना.

सतराव्या दिवशी तिरी एका जागी पंजे मारू लागली. काठी घातली, मऊ लागलं. हातभर उकरल्यावर वाफ आली. आत एक मेंढी होती, भुकेनं स्वतःचीच लोकर खाल्लेली. तिला उभं राहता येत नव्हतं. मी धावत जाऊन बाबांना बोलावलं. ते मोजे न घालताच बूट चढवून आले आणि तिला उचलून छातीशी धरलं.

ती शेवटची. दोनशे दहांतल्या ब्याऐंशी वाचल्या. आज्जीची बोटं पेरापासून कापावी लागली.

दवाखान्यात मी तिला विचारलं, "तुला शेवटपर्यंत आशा होती ना?"

"छे गं," ती म्हणाली. "चौथ्या दिवशीच वाटलं होतं, आता एकही जिवंत निघायची नाही."