ताईंचा स्पेसबार

दस्तनोंदणीच्या कार्यालयात ताई तेवीस वर्षं टंकलेखन करत होत्या. नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर. पडद्याकडे बघत टाइप करणं त्यांना कमीपणाचं वाटे. मग एका सकाळी गाडीच्या दारात उजव्या हाताची तीन बोटं सापडली. बोटं वाचली, पण वाकेनाशी झाली.

साहेबांनी त्यांना आवक-जावकचं टेबल देऊ केलं. ताईंनी महिन्याची मुदत मागून घेतली आणि भाचीला गाठलं. भाची संगणकातली. तिने एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला: अंगठ्याने स्पेसबार दाबून धरला की डावीकडच्या कळा उजवीकडची अक्षरं उमटवायच्या. नुसती टिचकी मारली तर नेहमीसारखी मोकळी जागा. पंधरा दिवस ताईंचं डोकं भणभणलं, मग हात बसला.

अडचण एकच होती. प्रोग्रॅम रोज स्वतः चालू करावा लागे आणि त्याची काळी खिडकी उघडी ठेवावी लागे. एकदा ताई पाणी प्यायला उठल्या असताना शेजारच्या कारकुनाने त्यांच्या मशीनवरून काहीतरी छापलं आणि ही कसली खिडकी म्हणून ती बंद करून टाकली. ताईंनी परत येऊन, कागदावरून नजर न हलवता, दीड पान बडवलं. निम्मी अक्षरं भलतीच, मध्ये लांबच लांब मोकळ्या जागा. ते आधी मागे उभ्या असलेल्या साहेबांना दिसलं. साहेबांनी आवक-जावकच्या टेबलाकडे नजर टाकली आणि ते आत निघून गेले. तेच ताईंना जास्त लागलं.

"मावशी, चूक माझी," भाची म्हणाली. "त्याला खिडकीत बसवायलाच नको होतं."

महिन्यातून एकदा येणाऱ्या संगणकवाल्याची परवानगी काढून तिने प्रोग्रॅम खिडकीशिवाय पडद्यामागे चालेल असा करून टाकला. मशीन सुरू झालं की तोही सुरू, पासवर्ड टाकायच्या आधीच. मध्येच कोलमडला तर आपला आपण उभा राहणार. कुणाच्या डोळ्यांना काही दिसायचं नाही. ताईंनीही कुणाला काही सांगितलं नाही.

पुढे त्या आठवडाभर रजेवर गेल्या. बदलीवरच्या टंकलेखकाचा अंगठा स्पेसबारवर जरा रेंगाळायचा, की शब्दाचं काहीच्या बाही व्हायचं. त्याने कीबोर्ड बदलून घेतला. तेच. तिसरा आणवला. ताई परतल्या तेव्हा टेबलावर तीन कीबोर्ड पडले होते आणि चौथ्याचा अर्ज साहेबांकडे गेला होता.

गप्प बसता आलं असतं. ताई आत गेल्या.

"कीबोर्ड चांगले आहेत साहेब. मशीन माझ्या हाताला बेतून घेतलंय. सांगायची लाज वाटली."

साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला. "दुसरं कुणी बसलं तर बंद करता येईल?"

भाचीने तेही करून दिलं. दोन कळा एकदम दाबल्या की झालं. ती सूचना ताईंनी स्वतःच टाइप करून मशीनला चिकटवली. आवक-जावकच्या टेबलाचा विषय पुन्हा निघाला नाही. निवृत्तीपर्यंतची नऊ वर्षं त्या डाव्या हातानेच दस्त उतरवत राहिल्या. वेग पूर्वीच्या निम्म्याहून थोडा वर, इतकाच.