सरांची शेवटची खिंड

डोंगरातून आलेल्या माणसाला गप्प बसवणं कठीण. सामान उतरतं, बूट वाळतात, किस्से मात्र घरी आल्यावर वाढतच जातात. आम्हा नागपूरकरांचं तर विचारूच नका! आमच्याकडे डोंगर म्हणजे सेमिनरी हिलचं टेकाड. तेवढ्या भांडवलावर आम्ही सत्तरच्या दशकात दर मे महिन्यात हिमालयात जायचो. नेणारे बोरकर सर, शाळेत चित्रकला शिकवायचे. नेहमीचे आम्ही पाच जण: नर्स शांताबाई, बँकेतले लिमये, कामठीचे दोघे भाऊ आणि टेलिफोन ऑफिसातली मी, कुंदा.

* * *

एप्रिलपासून सराव. पाठीवरच्या पिशवीत दोन-दोन विटा घालायच्या आणि टेकाड चढायचं. एकदा सरपण गोळा करणाऱ्या म्हातारीनं सरांना अडवलं.

"काहून गा, इतक्या विटा कुठं घेऊन चालले? वर घर बांधून राहिले का?"

"हो ना माय," सर म्हणाले, "वास्तुशांतीले येजो!"

म्हातारीनं तारीख विचारून घेतली.

* * *

लिमये पुण्याहून नुकतेच बदलून आलेले, आमची बोली त्यांना नवी. पहिल्याच चढावर मागे पडलेल्या शांताबाई ओरडल्या, "मी येऊन राहिली!"

लिमये जागीच थांबले. "येऊन राहिल्या? कुठे राहिल्या? तंबू तर सगळे माझ्याकडे आहेत!"

चार वर्षांनी हेच लिमये माझ्यासमोर ट्रंक कॉलवर सासूबाईंना सांगत होते, "मी जेवून राहिलोय." पलीकडून सासूबाईंनी विचारलं म्हणे, "कोणाकडे?"

* * *

सर पूर्वी बोटानं माणसं मोजायचे. एका वर्षी नवाच नियम निघाला. वळण आलं की प्रत्येकानं आपापला आकडा ओरडायचा. आम्ही म्हटलं, सरांना शिस्त चढली!

एका वळणावर "एक... दोन..." करत "पाच!" झालं आणि पाठोपाठ आवाज आला, "बेंऽऽ!"

"हा नवीन कोण गा?" सरांनी गंभीरपणे विचारलं.

आम्ही पोट धरधरून हसलो. बकरी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. तेव्हा कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

* * *

त्या हिवाळ्यात सरांच्या पत्नी, माई, माझ्या ऑफिसात आल्या.

"त्याईले काचबिंदू झाला वं, कुंदा. डॉक्टर म्हणते, उरलंसुरलंही जाईल. हे म्हणते, तुम्हा पोराईले एकदा वरच्या खिंडीत उभं करतो, मंग घरीच बसतो. होऊ दे त्याईच्या मनासारखं. पण कोणाले सांगू नको."

मी शपथ घेतली आणि पाळली. मे महिन्यात दिल्लीला गाडी थांबली. सर दारात आले आणि खालून पाच हात एकदम पुढे झाले!

"काय गा," सर म्हणाले, "मी नवरदेव आहो का?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. माईंनी पाचही जणांना वेगवेगळं गाठून, ज्याला जी चालते ती शपथ घालून, तेच सांगितलं होतं.

* * *

वाट दाखवायला तिथलाच देवसिंग होता. तो पुढे चालायचा, त्याच्यामागे आम्ही मुद्दाम मोठमोठ्यानं कुरकुरत. "अगं बाई, केवढा दगड हा डावीकडे!" "बापरे, इथं तर पाणीच आहे!" सर काठी टेकत नेमकं पाऊल टाकायचे.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शांताबाई, यंदा तुम्हाले लय दगड दिसून राहिले."

"वय झालं सर," शांताबाई म्हणाल्या. त्या तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या.

* * *

खिंडीत पोचलो आणि माझं मनच खचलं. ढग इतके, की पुढच्या माणसाची टोपी कुठल्या रंगाची ते कळेना. शिखरं सोडाच!

सर मधोमध उभे राहिले. काठी उचलली आणि फळ्यावर चित्र काढावं तसं एकेक दाखवू लागले.

"हे डावीकडचं, तीन टोकांचं. त्याच्या पोटात निळी घडी आहे पाहा. तिथून बर्फाची नदी खाली उतरते. दिसली का?"

मग लिमये, खरं बोलताना कोणाचाही मुलाहिजा न ठेवणारे लिमये, मोठ्यानं म्हणाले, "दिसली सर! निळीच आहे!"

"केवढं चमकून राहिलं!" शांताबाई म्हणाल्या. कामठीचे भाऊ तर "ते पाहा, ते पाहा!" करत आपसात भांडू लागले. देवसिंगनंही "हां साहब, सब साफ है" म्हणून टाकलं. मी रडत होते आणि हो-हो म्हणत होते.

अर्धा तास सरांनी सगळं दाखवलं. एकही शिखर सोडलं नाही.

उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. बाकीचे पुढे गेलेले.

"कुंदा, ढगच होते ना वं?"

माझा पाय थबकला.

"गालाले ऊनच लागलं नाही," सर म्हणाले. "पण तुम्ही सारे किती मस्त पाहून राहिले होते!"