खेकड्यावरचा शोधनिबंध

माझा भाऊ प्रज्ञेश रत्नागिरीत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि सहा वर्षं पीएच.डी. करतोय. करतोय म्हणजे नेमकं काय, ते मला मेलीला अजून धड कळलेलं नाही. मी मंडणगडकडे चौथीला गणित शिकवते, म्हणजे अगदीच अडाणी नाही. लोटे एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बसेस कुठल्या गावावरून कशा फिरवल्या तर डिझेल कमी जळेल, असले प्रश्न तो कॉम्प्युटरला घालतो. वाटा इतक्या, की सगळ्या तपासायला जन्म पुरायचा नाही. म्हणून हुशारीने चाचपडायची एक पद्धत त्याने काढली. इथवर ठीक.

पण या लोकांची एक रीत आहे. पद्धत काढली की तिला प्राण्याचं नाव द्यायचं. कोणी लांडगा घेतो, कोणी देवमासा, कोणी वटवाघूळ. याची समीकरणं तयार होती, प्राणी नव्हता. मार्गदर्शक म्हणाले, नावाशिवाय छापणार कोण? झालं, भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत खेकडे दिसले आणि याने खेकडा बसवला. वरात निघाल्यावर नवरा शोधायचा, त्यातली गत.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने निबंध पाठवला होता त्या नियतकालिकाचं पत्र आलं होतं. निबंध तपासणाऱ्या दोघांपैकी एक म्हणे, खेकडे खरंच असे वागतात याचा पुरावा द्या. दुसरा म्हणे, खेकडा काढा आणि उरतं काय ते दाखवा. आता ठेवायचा की काढायचा? तीस जूनपर्यंत निबंध स्वीकारला गेला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. घरातला पहिला डॉक्टर म्हणून मी अख्ख्या वाडीत सांगून बसलेले. माझंच डोकं फिरलं.

शेजारचे रावजी जन्मभर मासेमारी केलेले. निबंधात लिहिलं होतं तेच प्रज्ञेशने त्यांना विचारलं, "काका, एका खेकड्याला चांगली जागा मिळाली की बाकीचे त्याच्या मागून जातात ना?"

"छे रे," रावजी म्हणाले. "ज्याचं त्याचं बीळ. दुसऱ्याच्या बिळात शिरला तर नांगी मोडून घेईल."

मग त्याने खेकडा काढून बघितला. बीळ, नांगी, भरती, सगळे शब्द खोडले, नुसती समीकरणं मांडली आणि दुपारभर त्यांच्याकडे बघत बसला. शेवटी तीस वर्षांपूर्वीचा एक निबंध माझ्यापुढे धरला. अक्षरं तेवढी वेगळी, बाकी ओळ न् ओळ तीच.

"चोरलंस?" मी विचारलं.

"नाही गं ताई. खेकड्यामुळे मला दिसलंच नाही. की दिसत होतं? माझं मलाच कळत नाहीये."

मला राग आला आणि त्याची कीवही आली. त्याने मार्गदर्शकांना फोन केला तर ते म्हणाले, दुसरा प्राणी शोध आणि पाठव. मीही म्हणाले, पाठव बाबा. इतके लांडगे छापले, तुझ्या एकट्याने काय जग बुडतंय?

त्याने निबंध मागे घ्यायचं पान उघडलं होतं. हात माऊसवर, नजर माझ्याकडे.

"ताई, तुझ्या वर्गात कोणी पुस्तकातलंच गणित आंब्यांच्या जागी नारळ घालून, मी रचलं म्हणून दाखवलं, तर किती मार्क देतेस?"

"शून्य," मी म्हणाले. पंधरा वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलं.

त्याने मान हलवली आणि बटण दाबलं.