मामांचा दुसरा रिमोट

नार्व्याला राहणाऱ्या माझ्या मामेसासऱ्यांइतक्या गांभीर्याने व्हिडिओ गेम खेळणारा माणूस उभ्या गोव्यात दुसरा सापडायचा नाही. टीव्हीला जोडायचं ते यंत्र खरं तर त्यांनी मुलासाठी घेतलं होतं. मुलगा शिकून परदेशी गेला, यंत्र मागे राहिलं, आणि खाणीच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या मामांना पूर्णवेळ काम मिळालं. पहिल्या दसऱ्याला त्यांनी घरातल्या कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर त्याचीही यथासांग पूजा केली आणि वर तांब्यातलं पाणी शिंपडलं. यंत्र दिवाळीपर्यंत म्हापशाला दुरुस्तीच्या दुकानात पडून होतं. तेव्हापासून मामा त्याला फूल लांबूनच दाखवतात.

चवथीला सगळं गोत जमलं, आरत्या आटोपल्या, की पोरं टीव्हीपुढे बसत. पण देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय खेळ सुरू करायची मामांच्या घरी पद्धत नव्हती. देवळात उभे राहतात तसे ते यंत्रापुढे हात जोडून उभे राहत. "बा देवा म्हाराजा, आज ही पोरां खेळूक बसली आसत. लायट जावक दिव नको, वायर सुटाक दिव नको, हरलेल्याक रडाक दिव नको रे म्हाराजा!" यावर पोरं घर दणाणून टाकत, "व्हय म्हाराजा!" मग शर्यत. पडद्यावरची गाडी वळली की मामाही वळत, ते थेट शेजारच्याच्या मांडीवर. मुद्दाम हरणं मात्र त्यांना पाप वाटे. माझी मुलगी लहानपणी हरून रडायला लागली तेव्हा म्हणाले, "रडान गाडी फुडे जायत नाय गे बाय," आणि पुन्हा हरवलं. मामी नेवऱ्या तळता तळता आतून विहिरीची धमकी देत, "एक दिवस हो डबो बांयत घालतलंय." एवढ्या वर्षांत त्यांनी त्या यंत्राला हातही लावला नव्हता.

यंदा पोरं आली ती मोबाइल आणि टॅब घेऊनच. एक झोपाळ्यावर, एक जिन्यात, एक सोफ्याच्या मागे. सगळी एकाच खेळात होती म्हणे, फक्त एकमेकांपासून लांब बसून. मामांनी यंत्राचे दोन्ही रिमोट पुसून ठेवले होते. माझ्या मुलीने मोठ्या प्रेमाने त्यांच्या हातात टॅब दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "आणि दुसरो रिमोट खंय?" तिला प्रश्नच कळला नाही.

मामा उठले, यंत्रासमोर उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालू लागले. पहिलं वाक्य झालं. कुणी बोललं नाही. सगळ्यांच्या कानात काही ना काही खुपसलेलं. दुसरं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं. मला फार वाईट वाटलं. आता आपणच ओ द्यावी म्हणून मी तोंड उघडणार, इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या, खाली बसल्या आणि दुसरा रिमोट उचलून म्हणाल्या, "गाडी खंयच्या बटणान चलता?"

त्यांची गाडी कुंपणाला घासत, मध्येच उलटी फिरत रांगत होती. मामांची गाडी शेवटच्या वळणावर जी थांबली ती थांबलीच. मामी जिंकल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मी मामांकडे पाहिलं.

"वायर सुटली आसतली," ते म्हणाले. वायर जागच्या जागी होती.