लाल रिबीनवालीचं पडणं

सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रेस मशीनवर काढलेला सहादू म्हणजे मूग गिळून बसणारा माणूस. मशीनच्या धडधडीत बोललेलं कोणाला ऐकू जात नसे, तेव्हा त्यानं बोलणंच सोडून दिलं. घरातलं बोलायचं खातं बायकोकडे, लताबाईकडे. तो निवृत्त झाल्यावर मुलगी अंजली पुण्याहून आली, टीव्हीला नेट जोडून गेली, आणि या दोघांना म्हातारपणी एक खूळ लागलं. रविवारी विहारातली वंदना आटोपली की घरी यायचं आणि परदेशातल्या स्पर्धा लावून बसायचं. उंच उडी, अडथळ्यांची शर्यत, आणि सगळ्यांत लाडका खेळ भिंतीवर चढायचा.

नियम धड दोघांनाही कळत नव्हते आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. चार मजली उंच, पुढे झुकलेली भिंत, तिच्यावर बसवलेल्या खुंट्या, कमरेला दोर. जो जास्त वर जाईल तो जिंकला. पोरी हाताला पांढरी पूड चोळायच्या तेव्हा लताबाई म्हणायची, "आम्ही चिंचेवर चढताना माती चोळायचो, तसंच हाय की!" माथ्यापर्यंत एखादीच पोचायची. बाकीच्या सगळ्या कुठंतरी हात सुटून पडायच्या आणि दोराला लोंबकळायच्या. केसांना लाल रिबीन बांधणारी एक बुटकी पोर तर पडली की लोंबकळतच हसायची. लताबाईचा तिच्यावर फार जीव. तिचं परदेशी नाव दोघांनाही उच्चारता यायचं नाही, म्हणून ती यांची लाल रिबीनवाली.

मग लताबाईची साखर डोळ्यांवर गेली. सुया टोचून झाल्या, लेझर झालं, आणि थंडी संपता संपता उजेड-अंधारापलीकडे काही उरलं नाही. रविवार आला. ती सवयीनं टीव्हीपुढं येऊन बसली आणि म्हणाली, "सांगा आता, काय चाललंय."

जन्मात दहा वाक्यं सलग न बोललेला माणूस बोलायला लागला. कोणी कुठला पाय टाकला, कोणाचे हात थरथरतायत, सगळं. लताबाईला दिसायचं ते आता सहादूच्या तोंडूनच. रविवारचा हा खेळ तिच्या हातून सुटू नये, एवढीच त्याची धडपड होती. आणि त्या पहिल्याच रविवारी लाल रिबीनवालीचा दुसऱ्याच खुंटीवरून पाय घसरला. सहादूनं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "पोचली! पार माथ्याला!"

लताबाईनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या स्पर्धांना ती पोर आलीच नाही. जायबंदी झाली, की खेळ सोडला, कोण जाणे. सहादू मात्र तिला दर रविवारी आणायचा, चढवायचा, जिंकवायचा. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण भल्या माणसाला हे खोटं कधी खोटं वाटलंच नाही.

भाद्रपदातल्या एका रविवारी तो असाच रंगात आला होता. लताबाई मधेच म्हणाली, "अहो, ती येत नाय ना आता?"

सहादूनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"या खेळात पडल्याबिगर कोण राहिलंय? सात महिने झाले, तुम्ही तिला एकदा पण पडू दिलं नाय."

"तुला वाईट वाटंल म्हणून..."

"मला तिचं पडणंच आवडायचं हो. पडून हसायची ना ती."

सहादूनं टीव्ही बंद केला. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. मग लताबाईनं हळूच विचारलं, "अंजलीची पोर माझ्यावर गेलीय म्हणालात. तेबी असंच का?"

नात चैत्रात झालेली. लताबाईनं तिला मांडीवर घेतलं होतं, पाहिलं नव्हतं.

"नाय गं, शपथ! तुझंच नाक, तुझीच हनुवटी. हुबेहूब तूच!" सहादू कळवळून म्हणाला. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"बरं," लताबाई म्हणाली, आणि आजाऱ्याची समजूत घालावी तशी त्याच्या हातावर थोपटत राहिली.