हौसाला बिबट्या का खातो

"मॅडम, या गेममधून राजकारण काढा, नायतर मी ग्रुप सोडतो." प्रसादचा हा मेसेज माझ्या सकाळच्या चहाआधी आला. खाली उज्ज्वलाने लिहिलं होतं, "सोड ना. रिक्षा बोलावू का?"

मी दोघांना ग्रुपच्या नियमाची आठवण करून दिली : एका दिवसात एकच टोमणा.

सई, ओम, तुमची आजी निवृत्तीनंतर 'गेमिंगमध्ये' आहे, असं तुम्ही तिकडे मित्रांना सांगता म्हणे. ते अर्धंच खरं आहे. शहापूरला खतांच्या दुकानाच्या वर एक छोटी कंपनी आहे. तिथे मी पात्रांची वाक्यं तपासते. शिवाय टेस्टर लोकांचा ग्रुप सांभाळते. टेस्टर म्हणजे गेम बाजारात येण्याआधी तो खेळून चुका काढणारे. या सांभाळण्याला कम्युनिटी मॉडरेटर म्हणतात. शाळेत आम्ही याला वर्गावर बसणं म्हणायचो.

आमचा रोल-प्लेइंग गेम आहे. म्हणजे आपण एका पात्राच्या अंगात शिरायचं आणि त्याचे निर्णय आपण घ्यायचे. (तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईसाठी लिहिते.) यातल्या पात्राने म्हसाच्या जत्रेतून बैलजोडी घ्यायची आणि रानातून घरी आणायची. वाटेत बिबट्या असतो. आदल्या दिवशी गावात लग्नाच्या हळदीचं जेवण असतं. तिथे मटण खाल्लं की 'पोट' नावाची हिरवी पट्टी भरते. पट्टी भरली की पळता येतं.

मुरबाडच्या एका दवाखान्यात नर्स असलेली उज्ज्वला 'हौसा' नावाच्या बाईचं पात्र घेऊन खेळायची. हौसाला बिबट्या दर वेळी खायचा. पुरुष पात्रं आरामात निसटायची. तिने कारण शोधलं. गेममध्ये बायका शेवटच्या पंगतीला बसत होत्या. तोपर्यंत मटणाचे तुकडे संपायचे, रस्सा उरायचा. रश्शाने पट्टी अर्धीच भरायची.

"पहिल्यांदाच कुठल्या तरी गेमने खरं दाखवलं," असं तिने ग्रुपवर लिहिलं.

"म्हणजे आमी पुरुष वाईट, असाच मेसेज ना?" प्रसादने लिहिलं. तो भिवंडीकडे गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. "दिवसभर भाषणं ऐकतो. गेममधे तरी नको."

मग दोन तट पडले. खेळणं बंद, वाद चालू.

गंमत अशी की मेसेज कोणी घातलाच नव्हता. ती पंगत प्रोग्रामर नीलेशने लिहिली होती. मी त्याला विचारलं, "बायकांना शेवटी का बसवलंस?"

तो गोंधळून म्हणाला, "मॅडम, मंग कुटं बसवू? शेवटीच बसतात ना?"

आमचा बॉस मिहीर पुण्याचा. त्याला वादाची फार भीती. तो म्हणाला, "आपल्या गेमला काहीही मत नाही. सोपं आहे. बायकांना आधी बसवा."

आम्ही बसवलं. प्रसाद : "बघा, आता उघडच प्रचार."

मग सगळ्यांना एकत्र बसवलं. त्यावर उज्ज्वला : "असं गाव कुठे आहे? पत्ता द्या, राहायला जाते."

मिहीरने बुफे सुचवला. बुफेवर मात्र दोन्ही तट एक झाले. हळदीला लोक ताट घेऊन उभे राहणार? शहरी संस्कृतीचं आक्रमण! मला ग्रुप दुपारपर्यंत कुलूपबंद ठेवावा लागला.

शेवटी मिहीर म्हणाला, "सोमवारी गेम पुढे पाठवायचाय. तोवर वाद मिटला नाही, तर पंगतच काढून टाकू. बिस्किटं खाऊन पट्टी भरेल."

नीलेशने लॅपटॉप मिटला. त्याने अख्खा पावसाळा त्या पंगतीवर घातला होता. पत्रावळीवर भात पडल्याचा आवाजसुद्धा स्वतःच्या घरी रेकॉर्ड केला होता. जिना उतरताना तो मला म्हणाला, "मॅडम, पंगत गेली तर मी पण जातो."

मी म्हणाले, "रविवारी सगळ्या टेस्टरना समोरासमोर बसवू. टाइप करताना माणूस जितका शूर असतो, तितका समोर नसतो."

बैठक किन्हवलीला नीलेशच्या घरी ठरली. मिहीरही आला. मी क्रमवार विषय काढले होते. पहिल्या विषयावरच दुपार झाली. प्रसाद अंगाने दणकट आणि समोरही तितकाच शूर निघाला. माझा अंदाज चुकला.

नीलेशची आई सगुणाबाई मटणाची बादली घेऊन आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "चला, पुरुष मानसं बसून घ्या आधी."

उज्ज्वला हसायला लागली. प्रसाद म्हणाला, "मावशी, तुमी पण?"

"का रं, काय झालं?"

नीलेशने आईला फोनवर पंगत दाखवली. सगुणाबाईंनी बादली खाली ठेवली, फोन लांब धरून बघितला. "ही लाल लुगड्याची मीच ना? बरी काढलीस. मी कितव्या पंगतीला बसते?"

"तू वाढतेस गो आये."

"वाढून झाल्यावर?"

"परत वाढतेस."

"मंग जेवते कवा?"

नीलेश मान खाजवत म्हणाला, "ते लिवलंच नाय."

मिहीर मोबाईलमध्ये बघू लागला. सगुणाबाईंनी एक पत्रावळ उचलली आणि पहिल्या पंगतीत भिंतीला टेकून बसल्या. "मंग लिव. तवर मी बसते हितं. ए गोडाऊनवाल्या, तू उबाच हायस. घे ती बादली."

प्रसादने बादली घेतली. त्याने आयुष्यात कधी वाढलं नसावं. पहिल्या चौघांना त्याने तुकड्यांचे डोंगर घातले. मग घाबरून पुढच्यांना एकेक तुकडा. मित्राला हळूच तीन.

"ए, नलीचं हाड त्यालाच का?" उज्ज्वला ओरडली.

"वाढपी मी हाय!"

"बगा," सगुणाबाई शेजारच्या पोरींना म्हणाल्या, "वाढपी आपला असला का शेवटी बसलं तरी चालतं. पंगतीवरनं काय भांडता?"

नीलेश जेवता जेवता थांबला. हात न धुताच त्याने लॅपटॉप उघडला. मी ओरडले. तो हात धुऊन आला.

सोमवारच्या गेममध्ये पंगती पुन्हा पहिल्यासारख्याच झाल्या. बायका शेवटीच. फक्त आता कोणतंही पात्र बादली उचलू शकत होतं. वाढपी कोणाला किती तुकडे घालायचे ते ठरवतो. सगळ्यांचं वाढून झालं की स्वतः जेवतो, आणि त्याच्यासाठी कोणीतरी मागे ठेवावं लागतं. हा नियम सगुणाबाईंच्या देखरेखीखाली लिहिला गेला. हौसाने बादली उचलली, बायकांच्या पंगतीसाठी अर्धं मटण राखलं आणि बिबट्याला पहिल्यांदाच धूळ चारून बैलजोडी घरी आणली. त्या दिवशी बिबट्याने प्रसादला खाल्लं.

मी मेसेजची वाट बघत बसले. राजकारणाबद्दल एकही आला नाही. वाद मात्र दुप्पट झाला : वाढपी कोणी व्हायचं? सारखा एकच वाढपी चालेल का? रात्रीपर्यंत ग्रुपवर वाढप्याची निवडणूक जाहीर झाली. प्रसाद उभा राहिला. "प्रत्येक पत्रावळीत तुकडा" अशी त्याने घोषणासुद्धा तयार केली. उज्ज्वलाने विचारलं, "आणि नली?"

मिहीरचा फोन आला. "मॅडम, गेममधलं राजकारण गेलं ना?"

"गेलं," मी म्हणाले.

नीलेश अजून खतांच्या दुकानावरच्या ऑफिसात येतो. मुलांनो, तुम्ही कधी गेम बनवलात तर एवढं ध्यानात ठेवा : लोकांना संदेश दिलेला आवडत नाही. बादली दिलेली आवडते.