टोपीखालची वेणी

शिरवण्यातल्या भावनाच्या खानावळीला पाटी नाही. एमआयडीसीतल्या कंपन्यांमधली मुलं 'भाकरीवाल्या काकूंकडे' एवढंच म्हणतात आणि बरोबर तिच्या दारात येतात. तांदळाची भाकरी, कालवण, सुकटीची चटणी. ती फार बोलत नाही. मागे एक मुलगा, स्टीलच्या डब्याला भुलून, दुसरीकडे जेवायला गेला आणि काही महिन्यांनी परत आला. भावनाने त्याला 'का रे' सुद्धा विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्याचं ताट सगळ्यांच्या शेवटी येऊ लागलं. अजूनही शेवटीच येतं.

"आमची बायको भांडत नाय," तिचा नवरा पंढरी सांगतो. "ती थांबते. भांडलेलं परवडलं."

गेल्या दिवाळीनंतर तिच्या मुलीने, मितालीने, तिला ओढून वाशीच्या मॉलमध्ये सिनेमाला नेलं. 'खाडीपारचा पाहुणा' नावाचा. जो तो त्याबद्दलच बोलत होता. आपल्या इथला सिनेमा, एलियनचा, आणि तोही जुन्या काळातला. अर्ध्या बांधलेल्या इमारती, रिकामे रस्ते, मिठागरं. गावातल्या एका साध्या पोराला खाडीच्या चिखलात एक तापलेला गोळा सापडतो. गोळ्यात दूरच्या ग्रहावरून आलेला कुणीतरी असतो, रेडिओच्या खरखरीतून बोलतो. पोराच्या मागे जीपवाले लागतात, आणि भरती यायच्या आत पोराला तो गोळा खाडीच्या मध्यावर नेऊन सोडायचा असतो. पुढच्या रांगेतली एक बाई पडद्यावर कॅसेट पेन्सिलीने गुंडाळताना बघूनच रडायला लागली. "आपलं बालपण गं," ती शेजारणीला म्हणाली.

भावना पॉपकॉर्न खात होती.

शेवटी नावं वर सरकायला लागली आणि बाजूच्या चौकटीत एक जुनं, थरथरतं व्हिडिओ चित्रण सुरू झालं. टोपी घातलेला, चिखलाने माखलेला एक पोरगा छातीशी काहीतरी धरून खाडीतून पळत होता. खाली अक्षरं आली: 'दिग्दर्शक पार्थ, वय वर्षं चौदा. ही माझीच गोष्ट.'

"मम्मी," मिताली म्हणाली, "हा तर तुझ्यासारखा पळतो. एक पाय बाहेर टाकून."

"मीच हाय ती," भावना म्हणाली आणि उठली. "चल, भाकरीचं पीठ मळायचंय."

घरी भाकऱ्या थापून झाल्यावर, परातीत हात धुताना, तिने मुलीला सगळं सांगितलं.

भावना घणसोली गावातली. तिचा मोठा भाऊ निकेश वाशीच्या शाळेत जायचा. तिथे त्याच्या वर्गात पार्थ होता, वाशीतल्या फ्लॅटमधला, ज्याच्या बापाने आखातातून व्हिडिओ कॅमेरा आणला होता. पार्थने सुट्टीत सिनेमा काढायचं ठरवलं. गोष्ट त्याची, कॅमेरा त्याचा, हिरो पण तोच. गोळा म्हणजे वॉशिंग मशीनचा भंगारातला ड्रम, आत सायकलचा दिवा. पण पार्थ खाडीत दोन पावलं उतरला आणि रडायला लागला. निकेशलाही चिखलाची किळस. तो तेव्हापासूनच बुटातला माणूस. भावना आठवीत होती. आजीबरोबर निवट्या, चिखलातले मासे, धरायला रोज खाडीत जायची. तिला टोपी घातली, निकेशची चड्डी घातली, आणि ती पळाली. पाच दिवस पळाली. जीपवाल्यांपासून, भरतीपासून, पार्थ ज्या ज्या गोष्टीपासून पळ म्हणाला त्या सगळ्यांपासून.

फक्त वेणी टोपीतून निसटायची. शेवटच्या दिवशी उजेड चालला होता, पार्थ चिडला होता. भावना बांधावर बसून पाय धूत होती, तेव्हा निकेशने मागून वेणी धरली आणि पार्थने आणलेल्या कात्रीने कापली. मानेपाशी, एका दमात.

"मग?" मितालीने विचारलं.

"मग शॉट चांगला आला."

घरी निकेशने सांगितलं की हिनेच कापली, हिला पोरगा व्हायचंय. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बाप म्हणाला, पोरीला शाळेचं वारं लागलंय. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भावनाच्या हातात दप्तराऐवजी आजीची मासळीची पाटी होती. केस वाढले. अठरा पुरी होताच तिचं लग्न शिरवण्यात लावून दिलं.

मितालीचे डोळे भरले. "तू तुझ्या आईला खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना. तिने लाटनं मारलं. मुलगा शपथ घेतो ती खोटी कशी असेल?"

त्या आठवड्यात भावना माहेरी गेली. निकेश आता निकेशशेठ. रेती, खडी, विटा पुरवतो, गावठाणात चार मजले चढवून खोल्या भाड्याने देतो. सिनेमाच्या लोकांनी त्याच्याच खोल्या घेतल्या होत्या आणि नावांमध्ये 'विशेष आभार' म्हणून त्याचं नाव होतं. तो भाग त्याने मोबाईलवर कापून ठेवला होता, येईल त्याला दाखवायचा.

"दादा, ती मी हाय रं. पार्थशेठनी सोताचं नाव लावलं."

"जाऊ दे गो," निकेश म्हणाला. "तीस वर्सं झाली. त्या वेळी तुझं नाव आलं असतं तर तुझं लगीन झालं असतं का? पार्थशेठ बोलले मला. तुझी बदनामी नको म्हनून त्यांनी ठेवलं तसं."

"आता झालंय ना लगीन."

"आता काय करायचंय तुला? चिखलात लोळलेली पोरगी म्हनून मिरवायचंय?" तो हसला. "आनि ऐक, माझ्या कल्पेशच्या हळदीला पार्थशेठ येनार हायेत. प्रमुख पावने. उगाच तोंड पाडून बसू नको. तू आत्या हायस नवऱ्याची."

भावनाने चहाचा कप खाली ठेवला. "येनार हायेत? मग चांगलंच हाय," ती म्हणाली. "नक्की बोलव."

त्यानंतर महिनाभर भावनाएवढी गुणी बहीण घणसोलीत कुणी पाहिली नसेल. मांडवाचे पडदे तिने निवडले. मटणाचा मसाला तिने कुटून दिला. बॅनरवर पार्थचा फोटो मोठा हवा की आमदारांचा यावर निकेशची झोप उडाली होती, तेव्हा तीच म्हणाली, "पार्थशेठचा मोठा कर. आमदार काय, दर हळदीला असतात." आणखी एक सुचवलं: पाहुण्याला पुढच्या रांगेत, पाटाच्या अगदी समोर बसव. दोन शब्द बोलतील, तर माईक जवळच ठेव.

"बघ," निकेश बायकोला म्हणाला, "समजूतदार झाली."

पंढरीने मात्र त्या दिवशी बायकोला विचारलं, "तू थांबलीयस ना?"

"तुमी जेवा," भावना म्हणाली.

हळदीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला. बेंजोवाले गल्लीच्या तोंडाशी वाजवून वाजवून घामाघूम झाले होते. कल्पेश पाटावर बसला होता. बाजूला धवलारीण शांतीबाई, जिच्या गाण्याशिवाय त्या गावात एकही हळद लागत नाही. समोरच्या खुर्चीत भावनाची म्हातारी आई. तिच्या शेजारी पांढऱ्या लिननच्या कुर्त्यातला पार्थ, केस पिकलेले, चेहरा गोड. बायका त्याच्याबरोबर फोटो काढत होत्या.

त्या घरात पहिली हळद आत्याची. आत्याचा हात लागल्याशिवाय दुसऱ्या कुणी वाटीला बोट लावायचं नाही. बहीण एकच, म्हणजे भावनाच. बेंजो थांबला. शांतीबाईंनी आत्याला बोलावणारं गाणं, धवलं, धरलं. भावना आली, पाटासमोर उभी राहिली, हळदीच्या वाटीकडे बघितलं. आणि शेजारच्या चटईवर मांडी घालून बसली.

"मी रुसले," ती म्हणाली.

मांडवात हशा पिकला. आत्याने रुसायचं, भावाने मनवायचं, हे ठरलेलंच. निकेशने ऐटीत हात मागे केला आणि बायकोने त्यात पैठणीचा खोका दिला. तो आधीच आणून ठेवलेला होता.

"घे गो बाय. रुसू नको."

भावनाने खोका बाजूला सारला.

"आरं, साडीवर नाय भागत," कुणीतरी ओरडलं. "बांगड्या काढ शेठ!"

"बांगड्या पन देतो. बोल ना."

"नको."

शांतीबाईंना अशा वेळी गप्प बसवत नाही. त्यांनी टिपेला आवाज लावला:

*आत्या बसली चटईवरी, मांडव झाला मुका,*
*भावा तुझ्या तिजोरीचा तळ का रं सुका?*

पुन्हा हसू उठलं. पण आता निकेशच्या कपाळावर घाम होता. तो खाली वाकला आणि दातांतून म्हणाला, "काय पायजे तुला? सगळी मानसं बघतात."

"बघू दे ना," भावना मोठ्याने म्हणाली. "मला तुझं काय नको. तुझ्या पावन्याला सांग, त्या सिनेमात टोपी घालून खाडीत कोन पळालं ते माईकवर बोला म्हनून. मग मी उठते."

हसणं एका बाजूने विझत गेलं. निकेश सरळ झाला, पार्थकडे बघितलं, हसल्यासारखं केलं. पार्थही हसला. असे लोक माईक हातात आला की सावरतात. तो उठला.

"मित्रांनो, किती सुंदर प्रसंग आहे हा! खरं सांगू? सिनेमा म्हणजे टीमवर्क असतं. आणि आमच्या त्या छोट्याशा टीममध्ये भावनाने खूप मदत केली होती. खूप. आज मी तिला पब्लिकली थँक यू म्हणतो."

टाळ्या वाजल्या. पार्थ फोटोसाठी तिच्याकडे वाकला. भावना बसूनच होती.

"मदत नाय," ती म्हणाली. "पळालं कोन?"

"म्हणजे, काही शॉट्समध्ये तू..."

"तुमच्या नावाखाली जो शॉट हाय तो. त्यात कोन हाय?"

पार्थने इकडेतिकडे बघितलं. पुढे मोबाईल वर झालेले होते. "भावना, आपण हे नंतर बोलूया ना."

"नंतर हळद सुकंल," शांतीबाई म्हणाल्या. माईक नसताना त्यांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"आत्या," पाटावरून कल्पेश केविलवाणं म्हणाला, "माझी पाठ दुखायला लागली."

"बस रे राजा. तुझा काय दोष नाय. बापाच्या पावन्याला इचार."

पार्थने घसा साफ केला. "त्यात भावना आहे," तो म्हणाला.

"आनि तू कुठं व्हतास?" तिने पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"मी कॅमेऱ्यामागे."

"आनि चिखलात उतरलास तेव्हा?"

कुणीतरी फिसकन हसलं. पार्थचे कान लाल झाले. "मी घाबरलो होतो," तो म्हणाला, आणि कोरड्या आवाजात पुढे, "रडलो होतो. मी बाहेर आलो. सगळं ती पळाली."

मांडवाच्या मागच्या बाजूला कॉलेजातली पोरं शिट्ट्या मारायला लागली. मिताली दोन्ही हातांनी मोबाईल धरून उभी होती.  पार्थने माईक टेबलावर ठेवला आणि बॅनरवरच्या स्वतःच्याच भल्याथोरल्या चेहऱ्याखाली जाऊन बसला.

"झालं?" निकेश म्हणाला. "ऊठ आता."

"त्यांचं झालं. तुझं ऱ्हायलं. माजी वेनी कोनी कापली?"

निकेशने मागे वळून बघितलं. त्याच्या मागे समाजाची माणसं होती, ठेकेदार होते, नवरीकडचे व्याही आले होते. तो आवाज चढवून म्हणाला, "हा काय येळ हाय? पोराच्या हळदीला?"

"माज्या हळदीला कोनी इचारलं नव्हतं मला येळ."

"भावने, पाया पडतो तुझ्या."

"पडू नको. बोल."

बेंजोवाल्याने चुकून एक सूर वाजवला आणि लगेच हात काढून घेतला. निकेशने माईक घेतलाच नाही. पण शांतता इतकी होती की त्याची गरज नव्हती.

"मी कापली," तो म्हणाला. "शपथ खोटी घेतली व्हती."

असंच त्याने म्हणावं म्हणून भावनाने महिनाभर मसाले कुटले होते. तिने आईकडे बघितलं. म्हाताऱ्या बाईला धक्का बसेल, ती डोक्याला हात लावील, लेकाला चार शिव्या घालील, निदान रडेल. हे सगळं भावनाने पुन्हा पुन्हा मनात बघून ठेवलं होतं. आईने पदर नीट केला.

"मला ठाऊक व्हतं," आई म्हणाली. "मागून कापलेले केस व्हते. सोताचे कोन मागून असे सरळ कापतं?"

"मग?"

"मग काय? त्याची दहावी व्हती. त्याला बापाने मारलं असतं, शाळंतून काढलं असतं. एकाला तरी शिकवायचं व्हतं ना."

हे ती काही चोरीचं सांगावं तसं बोलली नाही. तांदूळ किती घातला हे सांगावं तशी बोलली.

भावना उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. वाटीत दोन्ही तळवे बुडवले आणि कल्पेशच्या गालांना, खांद्यांना, पावलांना हळद लावली. नीट लावली, घाई केली नाही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. कल्पेशने तिच्या पायांना हात लावला तेव्हा ती म्हणाली, "सुखी ऱ्हा. बायकोला शिकू दे."

हळद लावली की आत्याने आधी घरातल्या थोरल्या माणसाच्या पाया पडायचं, मग बाकीच्या सवाष्णी वाटीला हात घालणार. आईने खुर्चीतून पाय पुढे केले. पैंजणाच्या जागी सुजेचे वळ होते. बायका वाट बघत होत्या. निकेश वाट बघत होता. पंढरीसुद्धा, मांडवाच्या खांबाला टेकून.

भावना हळदीचे हात अंगापासून लांब धरून त्या पायांच्या शेजारून पुढे गेली.

"शांतीबाय," ती म्हणाली, "गा आता."